फ्लोराताईंचा रोलर

फ्लोराताईंच्या डाव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, बॉलपेनाने आखलेले चौकोन असतात. प्रत्येकात एक अक्षर. ख म्हणजे खोबरेल, त म्हणजे तिळाचं, ए म्हणजे एरंडेल, क म्हणजे बाजारातलं क्रीम. मनगटाजवळचा शेवटचा चौकोन कोरा. नवीन माणूस लिफ्टमध्ये हे पाहून आधी ताईंकडे बघतो, मग घाईघाईने मजल्याच्या बटणांकडे.

"हा रिकामा का?" मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. चौकशी करायला मी कधी लाजले नाही.

"तुलनेला," ताई म्हणाल्या. "एक जागा कोरी ठेवायलाच लागते. नाहीतर गुण तेलाचा की हवेचा, कळणार कसं?"

फ्लोरा नागावकर सुकापूरला आमच्या इमारतीत, माझ्या समोरच्याच घरात राहतात. तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं रंग तपासले. पत्र्याच्या पट्ट्यांवर रंग लावायचा, पट्ट्या गच्चीवर उन्हात ठेवायच्या आणि तडा कधी जातो, पोपडे कधी सुटतात, याची वाट बघायची. कारखान्याने वेळेआधी निवृत्ती दिली आणि त्याच सुमाराला पाळीही थांबली. "दोन्हीकडून एकदम मोकळी केली मला," असं त्या सांगतात. तपासायला पट्ट्या उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतःचा हात पुढे केला.

तेव्हापासून बाईमाणसाचं कातडं म्हणजे त्यांच्या लेखी भिंत. "इस्ट्रोजेन म्हणजे प्रायमर. तो गेला की रंग तोच दिसतो, पण त्याला धरून ठेवणारं कोणी नसतं. मग वरून कितीही चोपडा, भिंत नुसती पिते." तुम्ही त्यांना नमस्कार केलात, तर त्या तुमचा हात हातात घेतात, उलटा करतात, वरची कातडी चिमटीत उचलून सोडतात, आणि ती परत जागेवर बसेपर्यंत अवाक्षर बोलत नाहीत. बसली की म्हणतात, "बरंय." म्हणजे नमस्कार पोचला.

दारावर मासळी घेऊन येणाऱ्या मावशीही यातून सुटल्या नाहीत. वयाने साठीच्या पुढे, आणि हात मात्र तुकतुकीत. ताईंनी तो धरूनच ठेवला.

"मासली बग ना बाय," मावशी म्हणाल्या. "माजा हात काय बगतेस? तो इकायला नाय."

"लावता काय हो याला?"

"खवलं."

पुढे बरेच दिवस ताई विचारात होत्या. खवल्यांचा चौकोन आखला नाही, एवढंच.

मागच्या हिवाळ्यात माझी पाळी आली. म्हणजे यायची थांबली, आणि तिच्या जागी खाज आली. पोटऱ्या, दंड, कंबर. अंगावरून मुंग्या चालल्यासारखं वाटायचं. मी घरात ढेकूण झाल्याचं जाहीर केलं. गाद्या गच्चीवर गेल्या, औषध मारणारे आले, घरात श्वास घेववेना. ढेकूण एकही निघाला नाही.

"मला तर चावत नाहीत," आमचे हे म्हणाले. "त्यांना तूच आवडलेली दिसतेस."

वासाने ताई बाहेर आल्या. माझा हात उचलला, चिमटा काढला, वाट बघितली.

"पाळी?" त्यांनी दारातच विचारलं. हे लगेच पेपर वाचायला आत गेले.

"तीन महिने पत्ता नाही."

"मग गाद्यांना का छळतेस? ढेकूण नाहीत. तू कोरडी पडत्येस." आणि फर्मानं सुटली. कढत पाण्याची अंघोळ बंद. साबण लागेल तिथेच. टॉवेलने स्वतःला खडखडीत करायचं नाही. "भिंत कोरडी करून रंगवायची, कातडं ओलसर असतानाच. एवढाच फरक." मग आतून वाटीभर तिळाचं तेल आणलं. "ने. आम्ही बेने इस्रायल, मूळचे शनिवार-तेली. कोकणात घाणे चालवायचो, फक्त शनिवारी बंद. तेलाचं आम्हाला कोणी शिकवू नये."

मी तरीही पनवेलला डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांनी हेच सांगितलं, फक्त भिंतीचा उल्लेख टाळला. हळूहळू मुंग्या गेल्या.

माझं कुतूहल मात्र दुसरीकडेच अडकलं होतं. ताईंच्या बाल्कनीत, कपड्यांच्या दोरीला, रोज सकाळी एक रंगाचा रोलर टांगलेला असे. लांब दांड्याचा, धुतलेला, ठिबकणारा. घराला तर कित्येक वर्षांत रंग नाही.

"काय रंगवताय एवढं?"

"चाचणी चालू आहे."

आणखी एक गोष्ट. सोसायटीच्या सभेत ताई खुर्चीवर बसत नाहीत. खांबाला पाठ टेकून उभ्या राहतात, आणि ठराव वाचला जात असताना हळूच डावीउजवीकडे हलतात. सेक्रेटरी तो विरोध समजतात आणि ठराव पुन्हा वाचतात.

"पाठीला काय लावता हो?" एकदा मी विचारलंच.

"काही नाही," त्या पटकन म्हणाल्या. "पाठ ही माझी कोरी पट्टी. मनगटावरचा चौकोन फार लहान पडतो." मला पटलं. शास्त्रापुढे आपण काय बोलणार?

ताईंची धाकटी बहीण लिली गेल्या वर्षापर्यंत त्यांच्याबरोबरच राहायची. मग ती मुलाकडे, इस्रायलला अश्दोदला गेली. आता दर शुक्रवारी दोघी फोनच्या पडद्यावर माना आणि हनुवट्या तपासतात. आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतो.

"जवळ आण गं. हनुवटीवर काय ते, दाढी?"

"तुझी बघ आधी. माझा एकच केस आहे."

"एकच, पण बापासारखा."

एका सकाळी मी तेलाची वाटी परत करायला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. "कोण? थांब," आतून आवाज आला. थांबणं मला जमत नाही.

ताई पाठमोऱ्या उभ्या होत्या. गाऊन खांद्यांवरून उतरवलेला. उजवा हात डोक्यामागून वळवलेला, आणि हातात तो रोलर, तेलात बुडवलेला. खांदे, कुशी, कंबर, सगळं चकचकत होतं. मधोमध, तळव्याएवढी जागा मात्र पांढरी पडली होती. तिथे पोपडे सुटले होते आणि कशाने तरी खाजवल्याचे लालभडक ओरखडे होते. एकदोन ठिकाणी खपली.

कोरी ठेवलेली जागा अशी दिसत नाही.

"रोलर जातो तिथवर," ताई मागे न वळता म्हणाल्या. "पण दाब बसत नाही."

"आधी कोण लावायचं?"

"लिली. मी तिला, ती मला. शुक्रवारी न्हाऊन झालं की." त्यांनी रोलर खाली ठेवला. "तिला सांगितलंय, पाठ बरी आहे म्हणून. पाठ काही फोनवर दाखवत नाही मी."

"अहो, मला सांगायचं. समोर तर राहते."

"काय सांगायचं? बेल वाजवून म्हणू, माझी पाठ चोळ?"

मी तेल तळव्यावर घेतलं, दोन्ही हात एकमेकांवर घासून कोमट केलं.

"वरून खाली," ताईंनी सूचना दिली. "मग आडवं. खपलीवर नको. काठ सोडू नकोस, पोपडे काठापासून सुटतात. दाब सारखा."

मी दाब सारखा ठेवला. थोड्या वेळाने सूचना थांबल्या. कानांपर्यंत चढलेले खांदे हळूहळू खाली आले. मग त्यांनी कपाळ कपाटाच्या दाराला टेकलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बेल वाजली. दारात ताई, केस ओले, हातात तेलाची वाटी. त्यांच्या मागे, उघड्या दारातून बाल्कनी दिसत होती. दोरीवर नुसते कपडे होते.

"एकदा लावून काही सिद्ध होत नाही," त्या म्हणाल्या. "रोज लावलं तर निष्कर्ष निघतो."

"किती दिवस?"

त्यांनी माझा हात घेतला, उलटा केला, कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती बसेपर्यंत वाट बघितली.

"ते आधी सांगता येत नाही," म्हणाल्या, आणि आत येऊन, दार लावून, माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसल्या.