घरटी एक माड, घरटी एक माणूस

व्हाळावर आठ दिवसांत साकव उभा राहणार, असं तुळसाने चुलीपुढे बसून जाहीर केलं तेव्हा ऐकायला एक नवरा, एक मांजर आणि सात बांगडे एवढीच मंडळी होती. त्यातले बांगडे मेलेले होते आणि नवरा पेज जेवत होता. तरी तिने ते अशा आवाजात सांगितलं, जणू मामलेदाराच्या कचेरीतून हुकूमच सुटलाय.

तिचा संताप कालपरवाचा नव्हता, चांगला बारा वर्षं मुरलेला होता. खाजणवाडी म्हणजे बावीस घरं. पुढ्यात समुद्र, पाठीशी व्हाळ, आणि व्हाळापल्याड तिठा. तिठ्यावर एसटी थांबायची, बाजार भरायचा. व्हाळ ओहोटीला घोट्याएवढा, भरतीला गळ्याएवढा. होडी घालावी तर गाळात रुतते, वळसा घ्यावा तर तीन मैल. सकाळी होड्या किनाऱ्याला लागल्या की तुळसा पाटी भरून धावत सुटायची आणि बरोबर त्याच वेळी व्हाळ भरून यायचा. मग काठावर बसा, पाण्याकडे बघा, पाटीतल्या बांगड्यांचे डोळे लाल होताना बघा! पाणी उतरून ती तिठ्यावर पोचेपर्यंत पल्याडच्या मथुराने आपली कालची मासळी ‘आजची, आजची’ म्हणून विकून पदराला हात पुसलेले असायचे. वर विचारायची, “उशीर झालो गो तुळशे?”

या उशिरावर उपाय सगळ्यांना ठाऊक होता. माडाच्या ओंडक्यांचा एक साकव, माणूसभर रुंद. झाला तर तुळसा भरतीतही सकाळीच तिठ्यावर! पण दर वर्षी गुरुदासाच्या पडवीत बैठक बसायची. गुरुदास हा वाडीचा बोलका माणूस. साकव कुठे असावा, कसा असावा, त्याला कठडा उजवीकडे बरा की डावीकडे, यावर तो इतकं सुंदर बोलायचा की ऐकणाऱ्यांना आपण साकवावरून जाऊन परत आलो असं वाटायचं आणि सगळे समाधानाने घरी जायचे. बारा वर्षं! एवढ्यात माणसाचा झील दाढी करायला लागतो.

तेव्हा तुळसाने नवी युक्ती काढली. तिचा नवरा गंगाराम घरात दिवसाकाठी चार शब्द बोलायचा, त्यातले दोन मांजराशी. पण देवदिवाळीला म्हापुरुषाच्या देवळासमोर वाडीच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. तिथे तो उभा राहिला की गप्प माणसाच्या जागी भरतीचा दर्या उभा राहायचा. तो एकेक मागणं घालायचा आणि प्रत्येक मागण्यावर सगळी वाडी एका तोंडाने म्हणायची, “व्हय म्हाराजा!” आता हे ‘व्हय’ काही कुणी विचार करून म्हणत नाही. शिंक आली की शिंकावं तसं ते तोंडातून निघतं. गेल्या साली ओघाओघात ‘आमच्या गुरुदासाची जीभ जरा आवर’ असं मागणं निघून गेलं होतं, त्यावर खुद्द गुरुदासही घंटेसारखा ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला होता. आणि देवासमोर एकदा व्हय म्हटलं की संपलं. शब्द फिरवावा तर पुढे पायात साधा काटा मोडला तरी माणूस दचकतो.

तुळसाने नवऱ्याला सांगितलं की ह्या वर्षी मधेच दोन ओळी घालायच्या. घरटी एक माड, घरटी एक माणूस, साकव पुरो होयसर, म्हणजे पुरा होईपर्यंत. यापुढे एक अक्षर नाही.

गंगारामाने पेजेचा वाडगा खाली ठेवला. देवाला असलं काही सांगायचं म्हणजे देवाला फसवणं नव्हे का, अशी त्याला शंका आली.

“देवाक खंय फसवतंव?” तुळसा कडाडली. “देवाक साकव नको आसा, माका व्हयो. तुमी सांगतंय तितक्याच म्हणा.”

देवदिवाळी आली. देवळापुढे पुरुष, त्यांच्या मागे बायका, नारळ ठेवलेला, उदाचा वास सुटलेला. गंगारामाने डोकीचा पंचा सारखा केला, डोळे मिटले आणि आवाज लावला.

“बा देवा म्हापुरुषा! दर्याच्या राखणदारा! आज ह्या बावीस घरांच्या लेकरांनी तुझ्या पायाशी नारळ ठेवलेलो आसा, तो गोड करून घी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“जाळ्यात मासळी दी, होडीक वाट दी, वाकडो वारो आसात तो सरळ कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ह्या व्हाळावर साकव होव दी! घरटी एक माड, घरटी एक माणूस, साकव पुरो होयसर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

देवळाच्या कौलांवरचे कावळे उडाले, इतक्या जोरात. मागे उभ्या तुळसाच्या अंगावर काटा आला. बारा वर्षांचं काम एका दमात!

पण मग वाडीला कळलं आपण काय म्हणालो ते. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. कुणाच्या डोळ्यांसमोर आपला दारातला माड आडवा झाला, कुणाला आपली पाठ दुखायला लागलेली आताच जाणवली. गंगारामाने पुढचं, गुराढोरांना सुखी ठेवायचं मागणं घातलं, तर त्यावर आलेलं ‘व्हय’ इतकं बारीक होतं की ते मागणं बहुतेक देवापर्यंत पोचलंच नसावं.

इथे घोळ झाला. गंगारामाच्या बापाच्या, आजाच्या गाऱ्हाण्याला असं पिचकं व्हय कधी मिळालं नव्हतं. त्याचे कान लाल झाले. गेलेली भरती परत आणायची तर काहीतरी द्यायला हवं, एवढंच त्या भल्या माणसाला सुचलं.

“आणि म्हाराजा, साकव पुरो होयसर ह्या सगळ्या लेकरांचा दुपारचा जेवाण ह्या गंगारामाच्या घराकडे!”

“व्हय म्हाराजा!”

आवाज परत आला! नुसता आला नाही, उसळला. मग गंगाराम थांबतोय कसला! माणूस एकदा सुरात वाहवला की त्याला काठ दिसत नाही. पेज नव्हे म्हाराजा, भात. व्हय म्हाराजा! नुसता भात नव्हे, वर माशाचा तिकला. व्हय म्हाराजा! एकादशी सोडून रोज. याला तर पोरंबाळंसुद्धा ओरडली. आणि तुळसाला सगळ्यात जास्त संताप आला तो याचा की प्रत्येक वेळी त्या कल्लोळात तिचा स्वतःचा आवाजही होता. तोंड तिचं, जीभ तिची, आणि व्हय मात्र परस्पर निघून गेलेलं!

घरी परतताना ती ताडताड पुढे चालली. गंगारामाने चारदा तिच्याकडे पाहिलं. शेवटी म्हणाला, “गाऱ्हाणा बरा झाला नाय गो?”

दुसऱ्या दिवशी बावीस घरांतून बावीस माणसं व्हाळावर हजर झाली. माडही आले. कुणी वीज पडलेला दिला, कुणी तीन पावसाळे आडवा पडलेला, पण आले. बाबू मेस्त हा वाडीचा सुतार. त्याने सांगितलं की काम दोन दिवसांचं, फार तर तीन. तुळसाने मनाशी हिशेब केला. तीन दिवस रांधू, चौथ्या दिवशी साकवावरून तिठ्यावर जाऊ, मथुराचं तोंड बघू.

पहिल्या दिवशी तिने मासळी चिरली, पाट्यावर वाटप वाटलं, तिरफळं घालून असा तिकला केला की व्हाळावरून माणसं वासानेच चालत आली. हीच तिची चूक. बावीस जण जेवले, पानं चाटली, माडांच्या सावलीत जे आडवे झाले ते ऊन उतरल्यावरच उठले. तोवर भरती आली होती, आणि भरतीत खांब रोवता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी गुरुदासाने साकवाची जागा दोन वाव उत्तरेला असावी असं काढलं. तिसऱ्या दिवशी ती परत दक्षिणेला आली. चौथ्या दिवशी एक खांब वाकडा वाटला म्हणून उपटला आणि पाचव्या दिवशी तो पहिलाच बरा होता म्हणून तिथेच पुरला. एकादशीला मात्र एकाला सासुरवाडीला जायचं होतं, एकाच्या पोटात दुखत होतं, बाकीच्यांना वाईट वाटत होतं. काम बंद.

आणि तुळसा? तुळसाला बाजार कुठला! घरच्या होडीतून येणारी सगळी मासळी तिच्याच चुलीवर चढत होती. पाट्यावर बसली की तिच्या तोंडून जात्यावरच्या ओवीसारखं आपोआप निघायचं:

वाटप वाटतंय, पाटो गेलो झिजान,
घोवान घातला जेवाण, गाव गेलो निजान.

आठव्या दिवशी तिने तिकल्यात मूठभर मीठ जास्त टाकलं. आता हे चोर पळतील, असा हिशेब. पण खारट कालवणाला भात जास्त लागतो! त्या दिवशी पायलीभर तांदूळ जास्त शिजला आणि गुरुदास बोटं चाटत म्हणाला, “वयनीनु, आज चव कायतरी वेगळीच!”

तिने नवऱ्याला जाब विचारला. गंगारामाने हात जोडले. देवासमोर बोललेलं, त्यात तो काय करणार? ‘पुरो होयसर’ हे तर तुळसानेच शिकवलेलं.

पंधरा दिवस झाले, अठरा झाले. साकव दिसायला पुरा दिसत होता. खांब होते, ओंडके होते, कठडाही, गुरुदासाला हवा तसा, अर्धा उजवीकडे आणि अर्धा डावीकडे. एकोणिसाव्या दिवशी सकाळी तुळसा तरातरा व्हाळावर गेली आणि तिने बाबू मेस्ताला विचारलं की आता राहिलं काय. बाबूने कानावरची पेन्सिल काढली, डोळा बारीक केला आणि मधली एक फळी राहिली असं सांगितलं. फळी वाळत होती. कधी वाळेल ते सांगणं कठीण. लाकडाच्या मनावर असतं.

तुळसा घरी आली. न्हाणीचं दार तिने दोन्ही हातांनी धरलं, एक हिसडा दिला, बिजागऱ्यांसकट उपटलं, डोक्यावर घेतलं आणि वाडीच्या मधल्या वाटेने चालू लागली. दाराखाली फक्त तिचे पाय दिसत होते. कुत्री भुंकायला विसरली. साकवाच्या मधोमध जाऊन तिने ते दार धाडकन आडवं टाकलं आणि त्यावर उभी राहिली.

“पुरो झालो,” ती म्हणाली. “कोणाक नाय म्हणूचा आसा?”

गुरुदासाने फक्त सूर्याकडे पाहिलं. जेवायला अजून दोन तास होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हाळ काठोकाठ भरला होता. तुळसाने हिरवं लुगडं नेसलं, केसात अबोली घातली, पाटीत ताजे फडफडीत बांगडे रचले, आणि भरतीच्या पाण्यावरून कोरड्या पायांनी निघाली. खाली पाणी चमकत होतं, वर तिची पाटी. आज मथुराच्या आधी!

मधोमध, न्हाणीच्या दारावर, तिला थांबावं लागलं. समोरून माणसं येत होती. पुढे छत्री आणि पिशवी घेतलेले रविकांत मास्तर, तिठ्यावरच्या शाळेतले, तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्यांच्या मागे चहावाला, पोस्टमन, मग तीस-चाळीस माणसं, एकामागे एक, प्रत्येकाच्या हातात पिशवी. सगळा तिठा साकवावर आला होता.

“अरे वा, तुळसाबाई!” मास्तर शुद्ध मराठीत म्हणाले. “तुम्ही कशाला त्रास घेता? पूल झालाच आहे, तर म्हटलं आपणच होडीवर जाऊन ताजी मासळी आणावी.”

तिने त्यांना सांगितलं की मासळी तिच्या पाटीत आहे, ताजी आहे, आणि आधी त्यांनी मागे व्हावं. मास्तरांनी मागे पाहिलं. चाळीस माणसं, माणूसभर रुंदी. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती एकटी.

तेव्हा तुळसा मागे निघाली. डोक्यावर पाटी, एक हात पाटीला, एक कठड्याला, कठडा संपला की दुसऱ्या बाजूच्या कठड्याला. उलट्या पावलांनी, स्वतःच्या साकवावरून, स्वतःच्या वाडीत. काठावर गुरुदास उभा राहून मोठ्या मायेने ‘डावो पाय मागे, वयनीनु, आता उजवो’ असं सांगत होता. त्याला नंतर बघायचं तिने ठरवलं.

माणसं एकेक करून तिच्या समोरून किनाऱ्याकडे गेली. प्रत्येकाने साकवाची तारीफ केली. सगळ्यात शेवटी मथुरा आली. तिच्या काखेत रिकामी पाटी होती.

“बरो बांधलंस गो साकव,” ती म्हणाली. “आता माझे पाय भिजूचे नाय. होडीवरसून घेतलंय काय तिठ्यावर, घेतलंय काय तिठ्यावर!”

तुळसा मग गेली. हट्टाने गेली. तिठ्यावर पोचली ती सगळ्यात आधी, बाजारातली सगळ्यात मोक्याची जागा अडवून बसली. एसटी आली, गेली. उतरलं कुणी नाही. एक म्हैस येऊन पाटी हुंगून गेली. चहाच्या दुकानाची फळी लावलेली होती, कारण चहावाला मासळी आणायला खाजणवाडीला गेला होता. तो परतला तो पिशवी भरून. मास्तर परतले. मथुरा परतली, जरा पलीकडे बसली, आणि पुढच्या एसटीतून उतरणाऱ्यांना निम्म्या दराच्या हाका मारू लागली. आज तर तिची मासळी खरोखरच आजची होती.

दुपारी तुळसा भरली पाटी घेऊन घरी आली. गंगाराम दारात उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो आपणहून बोलायला उत्सुक दिसत होता. त्याच्या होडीतली उरलेली सगळी मासळी वाळूवरच खपली होती, नऊ वाजायच्या आत. दर लोकांनीच सांगितला, त्याने मान हलवली. माणसं फार भली.

मग त्याचं लक्ष पाटीकडे गेलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“बरा झाला गो, तू मासळी घेवन इलंस. घराक एक बांगडोपण उरूक नाय.”

त्यावर तुळसा जे बोलली ते पल्याड तिठ्यापर्यंत ऐकू गेलं. त्याला साकव लागला नाही.