अक्काच्या पत्र्यावरचे दगड

तमाम जनतेस, आणि विशेषतः ज्यांच्या डोक्यावर पत्रा व पत्र्यावर दगड आहेत अशा सर्व बंधू-भगिनींस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, चकलांब्याच्या बाजूला आमच्या गावात बन्सीनाना नावाचे गृहस्थ राहतात आणि तुम्ही हे वाचत असताना ते कुणावर तरी चिडलेले आहेत. कारण विचारू नये. वर बघावे.

वर म्हणजे छताकडे. नाना कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसाकडे बघत नाहीत, छताकडे बघतात. आमच्या आळीत एक म्हातारे वारले, तेव्हा आम्ही बसायला गेलो. सगळे माना खाली घालून बसलेले, नानांची मान वर. जरा वेळ दम धरला, मग फुटलेच.

"म्हातारं वयानं गेलं, सुटलं. तुमचं काय? डोक्यावर धोंडे घेऊन झोपताव व्हय बे?"

म्हाताऱ्यांचा मुलगा रडायचा थांबला आणि तोही वर बघायला लागला.

आता आमच्याकडची रीत सांगतो. घरावर पत्रा टाकायचा, तो नीट आवळायचा सोडून वर दगड मांडायचे, की झालं घर. वैशाखात दुपारनंतर आभाळ काळवंडतं, वावधान, म्हणजे वादळी वारं, सुटतं, पत्रा उचलला जातो आणि वरचा दगड घरात येतो. खाली माणूस आहे की पाळणा, हे तो बघत नाही. मग आम्ही हळहळतो, पंचनामा करतो, आणि तेच दगड उचलून पुन्हा वर ठेवतो.

हे 'पुन्हा वर ठेवणं' नानांच्या डोक्यात जातं. तरुणपणी ते पुण्याकडे कारखान्यांच्या शेडवर पत्रे ठोकायला होते. आता गावात शेरडं राखतात, पण शबनममध्ये भाकरीच्या शेजारी हूक, वायसर, पाना आणि तारेचं भेंडोळं असतंच.

"वारा वरून दाबत न्हाई, बेअक्कलांनो, खालून उचलतो! पत्र्याला हूक मारून खालच्या पाईपाला धरा, पाईप भिंतीत धरा. कडंला हूक जवळजवळ मारा. दगड कावून ठुलाय? वाऱ्याच्या हातात धोंडा देताव आन् मंग वाऱ्यालाच शिव्या?"

समोरचा "बघू दिवाळीनंतर" म्हणाला, की नाना शेवटचं वाक्य फेकतात, "मरा मंग!" आणि तरातरा निघून जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस दात घासत बाहेर येतो, तर नाना त्याच्या पत्र्यावर बसून हूक आवळत असतात. आवळताना शिव्या चालूच.

सरपंच एकदा ऐटीत म्हणाले, "नाना, आमचा स्लॅब हाय. आमाला कसलं वादळ?"

"आन् टाकीवर पत्र्याची टोपी घातलीया ती? उडून माझ्या शेरडावर पडली तर दूध तुमी देताव व्हय?"

त्या संध्याकाळी सरपंचांनी टोपी काढून घेतली. शेरडापेक्षा त्यांना 'दूध तुमी देताव' याची धास्ती जास्त होती, कारण चारचौघांत सगळे हसले होते.

एवढ्या गावात एकच घर नानांच्या हाताबाहेर होतं, आणि ते नेमकं सख्ख्या बहिणीचं. शेवंताअक्का. नानांपेक्षा मोठी, आणि रागातही मोठीच.

भांडणाचं मूळ अक्काच्या मुलीच्या लग्नात. मांडव घातलेला, वऱ्हाड जेवायला बसलेलं. नाना मामा म्हणून फेटा बांधून फिरत होते, पण नजर वर. मांडववाल्याला म्हणाले, "ह्या दोऱ्या ढिल्या हायत." मांडववाला म्हणाला, "काही होत नाही." हे शब्द नानांना सहनच होत नाहीत. "होत न्हाई? बघ!" म्हणून त्यांनी खांब धरून हलवला. नानांचं म्हणणं खरं ठरलं. अख्खा मांडव विहीणबाईंच्या पानावर आला. कुणाला लागलं नाही, पण कापडाखालून विहीणबाईंचा जो आवाज येत होता, तो अक्का आजवर विसरली नाही.

तेव्हापासून बोलणं बंद. भाऊबीजेला नाना तिच्या दारासमोरून दोनदा जायचे, एकदा शेरडं घेऊन आणि एकदा शेरडं विसरली म्हणून. दार उघडत नसे. नानांची बायको वारलेली, मूलबाळ नाही. हक्कानं रागवावं असं जगात एकच माणूस, आणि तेच रागावलेलं.

आणि अक्काचा पत्रा गावात सगळ्यांत वाईट. एकही हूक नाही. नुसते धोंडे, आणि बरोबर खाटेच्या वर फुटक्या जात्याची तळी. नानांनी माझ्याकरवी निरोप धाडला. अक्कानं परत धाडला, "त्याला म्हणावं, माझ्या पत्र्याला हात लावलास तर हात मोडीन. मांडव पाडून पोट भरलं न्हाई व्हय?"

"मरू दे मंग!" नाना गरजले. पण त्या वर्षी आभाळात जरा ढग दिसला, की ते हातातला घास खाली ठेवायचे.

वैशाखात अक्का लेकीकडे घाटनांदूरला गेली. दुपारी नाना माझ्या दारात हजर.

"सिडी घेऊन ये. तोंड घरी ठिऊन ये."

उन्हानं पत्रा असा तापलेला, की वर पापड भाजले असते. नानांनी पायाला गोणपाट गुंडाळलं आणि चढले. मला आधी मोबाईलवर पत्र्याचा फोटो काढायला लावला. मला वाटलं, पंचनाम्यासाठी. मग दगड बाजूला सरकवत, पत्र्याला भोकं पाडत, हूक आवळत ते संध्याकाळपर्यंत अक्काला शिव्या देत होते. "अडाणी! हट्टी! हेकट! बापावर गेलीया!"

काम झालं. मी म्हटलं, "आता हे दगड खाली टाकू?"

"टाक, म्हंजे तिला कळंल आन् ती समदे हूक उपटून काढील! फोटो दाव."

आणि वाचकहो, दगडांचा हा जन्मवैरी फोटोत बघून बघून एकेक दगड होता तिथे परत मांडू लागला. शिवाय प्रत्येक दगड तारेनं हुकाला करकचून बांधला. जात्याच्या तळीला तर भोकातून दुहेरी तार. मांडताना तोंडात ज्या शिव्या होत्या, त्या मी छापू शकत नाही. त्या अक्काला नव्हत्या, स्वतःला होत्या.

अक्का परत आली आणि थोड्याच दिवसांत वावधान आलं. दिवसाउजेडी अंधारलं. आळीतले चार-दोन पत्रे कागदासारखे उडाले. वारा थांबल्यावर सगळे बाहेर आलो, तर अक्काचा पत्रा जागच्या जागी आणि वर एकही दगड हललेला नाही.

अक्काला काय चेव चढला! भर आळीत, नानांकडे पाठ करून, पण नानांनाच ऐकू जाईल अशा आवाजात, "बघा गं! कुणी येडं सांगत फिरतंय, दगड काढा, दगड काढा. माझ्या दगडांनीच घर राखलं!"

मी नानांकडे बघितलं. कानशिलं लाल, मुठी आवळलेल्या. आता फुटणार! पण नाना गप्प. आयुष्यात पहिल्यांदा.

अक्का तेवढ्यावर थांबली नाही. हळदकुंकवाचा करंडा घेऊन, शिडी लावून, दगडांची पूजा करायला वर निघाली. तिनं पत्र्यावर पाय ठेवला मात्र, नाना ओरडले, "अक्का! मधी पाय दिऊ नको, पाईपावर दे!"

एवढ्या वर्षांनी पहिली हाक. अक्कानं ऐकली नाही असं दाखवलं, पण पाय पाईपावर दिला. जात्याच्या तळीला कुंकू लावलं आणि ती जरा सरळ करायला गेली. तळी हलेना. खाली वाकून बघितलं. तार दिसली. मग शेजारचा दगड ओढून बघितला. मग त्याच्या शेजारचा. मग पत्र्यावरून हात फिरवत हूक चाचपले.

मी उगाच चपलेची धूळ झटकू लागलो.

"मी घाटनांदूरला गेलते, तवा?" वरूनच आवाज आला.

"मंग काय, तू असताना चढू दिलं असतंस?" नाना जमिनीकडे बघत खेकसले.

अक्का करंडा मांडीत धरून तशीच पत्र्यावर बसून राहिली. पदरानं तोंड पुसलं, आणि आम्हा सगळ्यांदेखत एकदम बोलून गेली,

"आरं, घराला तर कुलूप व्हतं... तसल्या उन्हात तुला पाणी कुणी दिलं रे?"