परकारभाईंचं इंग्लिश घर

जेवणाची सुट्टी झाली की परकारभाई जिन्याखाली उताणे पडायचे. साइटवर मी नवी होते तेव्हा त्यांना तसं पाहिलं आणि ऊन लागलं असं समजून पाण्याची बाटली घेऊन धावले. त्यांनी मानही वळवली नाही.

"म्याडम, जरा बाजूला व्हा," ते म्हणाले. "उजेड अडतोय."

मी वर पाहिलं. जिना बांधलेलाच नव्हता. वर नुसती रिकामी जागा होती आणि छताला ठेवलेलं एक लांबट गोल भोक. परकारभाई न झालेला जिना बघत होते.

परकारभाई आमचे फोरमन. मूळचे रत्नागिरीकडचे, पण अर्धं आयुष्य बहारीनमध्ये, गुदैबियातल्या एकाच खोलीत. मी पुण्याची, स्ट्रक्चरल इंजिनिअर. आम्ही तिथल्याच अदलिया भागात एक चहाघर बांधत होतो. त्याच्या बहारीनी मालकीणबाई शिकायला इंग्लंडला असताना एका जुन्या घरात भाड्याने राहिल्या होत्या. रांगेतलं, उंच, अरुंद, दोनशे वर्षांचं घर. ते त्यांना इथे हवं होतं. त्या घराची इंच न् इंच मापं घेऊन केलेली ड्रॉइंग त्यांनी आमच्या हाती दिली, आणि परकारभाई त्या कागदांत राहायला गेले.

राहायला गेले हे मी उगाच म्हणत नाही. इंग्लंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पण बोलताना ते 'आपल्याकडे' म्हणत. "आपल्याकडे पहिल्या मजल्याच्या खिडक्या सगळ्यांत उंच. पाहुणे तिथे बसतात ना. वर जाल तशा लहान होत जातात. नोकरांच्या खोलीची तर एवढीशी." एवढीशी म्हणताना ते हात छातीशी घेत, आणि त्या नोकरांबद्दल त्यांना खरंच वाईट वाटतंय असं दिसे.

त्या खिडक्या वर सरकवून उघडायच्या. चौकटीच्या आत दोरीला वजनं टांगलेली असतात, त्यामुळे एवढी जड काच एका बोटाने उचलली जाते. पहिली खिडकी बसली त्या दिवशी परकारभाईंनी साइटवरच्या प्रत्येकाला ती एका बोटाने उघडायला लावली. पाण्याचा टँकर घेऊन आलेल्या पठाणालासुद्धा. "ताकद आत लपवलीय," ते त्याला हिंदीत समजावत होते. "घर बोलून दाखवत नाही." पठाणाने खिडकी तीनदा उघडली आणि टँकरचा पाइप तसाच वाहता राहिला.

दारात बुटांचा चिखल खरवडायची लोखंडी पट्टी होती. बहारीनमध्ये चिखल कुठला? मी म्हटलं, हे एवढं वगळू या.

"चिखल अल्लाच्या हातात आहे, म्याडम," परकारभाई म्हणाले. "पट्टी आपल्या हातात. ड्रॉइंगला हात लावायचा नाय."

खरी परीक्षा जिन्याची होती. त्या घराच्या दगडी पायऱ्यांचं एकच टोक भिंतीत जातं. दुसरं टोक हवेत. प्रत्येक पायरी खालचीवर जेमतेम टेकते आणि अख्खा जिना तसाच वळत वर चढतो. कन्सल्टंट म्हणाले, "खाली एक लोखंडी खांब टाका, खलास." परकारभाई त्यांच्याशी भांडले नाहीत. माझ्याकडे आले.

"म्याडम, हा उभा राहील?"

मी गणित केलं, पुन्हा केलं. "राहील."

"सही कराल?"

"करेन."

सही केली आणि नंतर बरेच दिवस मला नीट झोप लागली नाही. टेकू काढायच्या दिवशी परकारभाईंनी सुतार सोडून सगळ्यांना बाहेर काढलं आणि स्वतः जिन्याखाली जाऊन उभे राहिले. मी ओरडणारच होते, पण ते शांतपणे म्हणाले, "तुमची सही आहे ना? मग या की."

मी गेले. आमच्या दोघांच्या डोक्यावर दगडांचा डोंगर होता. सुतार एकेक टेकू सोडवत होता. शेवटचा निघाला तेव्हा कुठेतरी बारीक करकर झाली आणि थांबली. मग काहीच झालं नाही. वरच्या गोल झरोक्यातून ऊन उतरत होतं, पायरीच्या कडेकडेने खाली येत येत आमच्या पायांशी पोचत होतं, आणि एवढं वजन कशाच्याच आधाराशिवाय वर चाललेलं होतं. ते गणित माझं होतं, तरी माझा विश्वास बसेना. बाहेरची माणसं एकेक करून आत आली आणि माना वर करून उभी राहिली.

"मफी कलाम," परकारभाई हळूच अरबीत म्हणाले. म्हणजे, बोलण्यासारखं काही उरलं नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मालकीणबाईंनी आम्हाला घरच्यांसह बोलावलं. परकारभाईंची बायको व्हिजिट व्हिसावर पहिल्यांदाच बहारीनला आली होती. हमीदाभाभी अगदी लहान चणीच्या, माझ्या खांद्यालाही न लागणाऱ्या. जिन्याशी त्या थबकल्या.

"बाय, ह्याला खालून धरलंय कोणी?"

"कोणीच नाही, भाभी."

त्यांनी पदर सावरला, भिंतीला हात लावला आणि एकेक पायरी चढल्या. पहिल्या मजल्यावर उंच खिडकीच्या कोनाड्यात लाकडी बैठक होती. परकारभाईंनी तिच्यावरून रुमाल फिरवला. "बस."

त्या बसल्या. दोन्ही पाय जमिनीला टेकले. त्यांनी खाली पायांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

मी शेजारी टेकले तर माझे गुडघे वर आले. मी उठून परकारभाईंजवळ गेले. "ही बैठक ड्रॉइंगपेक्षा खाली आहे."

"चार बोटं," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मालकीणबाईंना विचारूनच केली. दवाखान्यात बसली, बँकेत बसली, लग्नात बसली, हिचे पाय लोंबकळतात. मग मुंग्या येतात. फोनवर नेहमी सांगायची. मी इथून काय करणार होतो?"

"ओ," भाभी म्हणाल्या, "बसताय, की उभेच राहणार?"

ते बसले. त्या बुटक्या बैठकीवर त्यांचे गुडघे पार छातीशी आले. भाभींनी सरकून जागा दिली, आणि दोघं खालचा रस्ता बघत राहिली.

खाली चहा तयार झाला होता. मी जिन्याने उतरले आणि दोघांचा वर पाठवायला सांगितला.