सोमणकाकांची दोन शिंगांची गिटार

सोमणकाकांनी माझ्या आईच्या थालीपिठाची जाडी मोजली तेव्हा मी सातवीत होते. शर्टाच्या खिशातून त्यांनी पोलादी कॅलिपर काढला, थालीपीठ त्याच्या दोन जबड्यांत अलगद धरलं, डोळे बारीक करून आकडा वाचला आणि म्हणाले, "वहिनी, कडेला चार, मध्ये सहा. चव उत्तम, पण माल एकसारखा नाही." आईने त्यानंतर त्यांना कधी थालीपीठ दिलं नाही. पोहे देते. पोहे मोजता येत नाहीत.

काका आमचे शेजारी, मूळचे भुसावळचे. विशीत झाशीला रेल्वेच्या वॅगन कारखान्यात लागले आणि सगळी नोकरी तपासणीत काढली. दुसऱ्यांनी केलेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि बहुतेक वेळा परत पाठवायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, परत पाठवणं सुटलं नाही. झाशीच्या सीपरी बाजारातल्या शिंप्याने त्यांचा एक पायजमा चार वेळा उसवलाय. दाताच्या डॉक्टरांनी कवळी बसवून "अब ठीक चल रहा है न, अंकल जी?" असं विचारलं, तर काका म्हणाले, "चल तो रहा है. बैठ नहीं रहा." हे त्यांचं लाडकं वाक्य. चालणं वेगळं आणि बसणं वेगळं. चालतंय म्हणून जो थांबला, तो काकांच्या मते कामाचा माणूस नव्हे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी ते आमच्याकडे आले. चप्पल न काढता दारातच उभे राहिले.

"बेटा, तू कॉलेजात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचीस न?"

"दोन वर्षं. वाईट वाजवायचे, काका."

"वाईट चालेल. मला एक घ्यायची आहे. सोबत जाणता माणूस नसला तर दुकानवाले म्हातारा बघून झांजा गळ्यात मारतील."

काका गिटार वाजवतात हे आम्हाला ठाऊक होतं. तरुणपणी रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये एका गार्डसाहेबांकडून ते शिकले होते. त्यांची जुनी लाकडी गिटार, पोटाला मोठं भोक असलेली, संध्याकाळी व्हरांड्यात वाजायची. पण सत्तरीला टेकल्यावर इलेक्ट्रिक गिटार कशाला, हे मी विचारलं नाही. काकांना 'कशाला' विचारलं की ते 'किती' सांगतात.

त्यांनी डायरी काढली. अटी लिहून आणल्या होत्या. पहिली अट, गिटारीचे दोन्ही खांदे कापलेले हवेत. म्हणजे मानेच्या दोन्ही बाजूंना खाच, दोन शिंगांसारखी. त्यांच्या जुन्या गिटारीचं पोट मानेवरच्या चौदाव्या आडव्या पट्टीलाच भिडतं, पुढे हात जात नाही. त्यांना थेट शेवटच्या पट्टीपर्यंत जायचं होतं. दुसरी अट, मान रुंद हवी. कारखान्यातली बोटं जाड, एक तार दाबताना शेजारची दबते. तिसरी, वजन हलकं. आणि चौथी, किंमत मधली. "स्वस्तातल्या गिटारीच्या पट्ट्या एका पातळीत नसतात. महागातल्यात नावाचं देणं असतं. मला नाव वाजवायचं नाहीये."

दुकान अवस्थीजींचं. पुढे ढोलक, हार्मोनियम, शाळेच्या बँडचे ड्रम, आणि मागच्या भिंतीवर सात-आठ इलेक्ट्रिक गिटारी. अवस्थीजींनी कौतुकाने विचारलं, "पोते के लिए, अंकल जी?"

"अपने लिए."

पहिली गिटार एकच खांदा कापलेली, जड, चकचकीत. मी सूर लावून दिला. काय भरदार आवाज होता तिचा. मला तीच आवडली. काकांनी मांडीवर घेतली, वर हात नेला आणि परत दिली. "खांदा आडवा येतो." दुसरीला दोन शिंगं होती, पण मान निमुळती, झपाझप वाजवणाऱ्या पोरांसाठी केलेली. काकांचं बोट एका तारेवर ठेवलं की दोन वाजायच्या. तिसरी जवळपास जमली. मग त्यांनी कॅलिपर काढून मान जिथे धडाला जोडलेली असते तो मागचा सांधा मोजला. सांधा जाड, अंगठा अडकतो.

अवस्थीजींनी पहिल्यांदाच आयुष्यात गिटारीला कॅलिपर लागलेला पाहिला असावा. ते म्हणाले, "अंकल जी, नीचे का सुर सुनिए, कितना गहरा है."

"गहरा नहीं चाहिए. ऊपर का चाहिए."

"ऊपर के पाँच-छह सुर में कौन पूरा गाना बजाता है?"

 काकांनी डायरीत तीन फुल्या मारल्या आणि ते बाहेर पडले. पुढच्या तीन रविवारी हेच झालं. अवस्थीजी नवा माल मागवत, काका मोजत, मी वाजवत. चौथ्या रविवारी मी कंटाळले. दुकानासमोरच्या टपरीवर चहा घेताना म्हणाले, "काका, खालचे सूर इतके छान असताना तुम्ही वरच्या कोपऱ्यात का अडकलाय? असं कोणी वाजवत नाही हो."

त्यांनी चहा बाकावर ठेवला. डायरीच्या मागच्या कप्प्यातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. त्यांच्या बायकोच्या, मालतीकाकूंच्या, कानाच्या तपासणीचा रिपोर्ट होता. चौकटीच्या कागदावर एक रेघ, डावीकडे खोल पडलेली आणि उजवीकडे हळूहळू वर चढणारी. तिच्या खाली काकांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात गिटारीच्या पट्ट्यांचे आकडे लिहिले होते. बारा, पंधरा, सतरा, एकवीस.

"तिचा खालचा आवाज गेलाय," काका म्हणाले. "वरचा आहे अजून. चमचा पडला की तिला कळतं. कुकरची शिट्टी कळते. तुझ्या आईचा आवाजही कळतो, तो बारीक आहे न. कानाचं मशीन आहे, पण घरी काढून ठेवते. कानात भांडी आपटतात म्हणते. ऑपरेशनला तयार नाही."

मला काकू हळदीकुंकवाला येईनाशा झाल्या होत्या ते आठवलं. आम्ही समजत होतो, गुडघे दुखत असतील.

"माझा आवाज खर्जातला," काका म्हणाले. "त्यामुळे सगळ्यांत कमी ऐकू येतो तो मीच. दिवसभर घरात दोघं, आणि मी बोललो की ती नुसती मान हलवते. मी काय म्हणालो ते विचारत नाही. पूर्वी विचारायची." त्यांनी कागदाची घडी पुन्हा तशीच घातली. "वरच्या पट्ट्यांत वाजवलं तर तिला ऐकू येईल, असा हिशोब निघतो. माझा हिशोब बरोबर आहे का, ते बघायचंय."

"काकूंना सांगितलंत?"

"नाही. नाही जमलं तर तिला वाटेल, आता हेही गेलं."

चहा संपवून आम्ही पुन्हा दुकानात गेलो. त्या दिवसापासून मीही कंटाळायचं बंद केलं. अवस्थीजींना मी बाजूला घेऊन थोडक्यात सांगितलं.  मग ते म्हणाले, "चिरगाँव में एक लड़का है, माता के जागरण की पार्टी में बजाता है. उसके पास दो सींग वाली एक है, शायद वही चाहिए अंकल जी को. पहले हाथ लगाकर देख लीजिए, फिर वही मँगवा दूँगा."

आम्ही बसने चिरगावला गेलो. काका खिडकीशी बसून डाव्या हाताची बोटं स्वतःच्या उजव्या मनगटावर दाबत होते, रियाज म्हणून. तो वादक भला माणूस निघाला. त्याने गिटार काकांच्या हातात दिली आणि स्वतः पाणी आणायला गेला. काकांनी मान मोजली, सांधा मोजला, बाराव्या पट्टीवर तारा किती उंच आहेत ते मोजलं. मग कॅलिपर खिशात घालून त्यांनी एकविसाव्या पट्टीवर बोट ठेवलं. खांदा आड आला नाही. शेजारची तार गप्प राहिली. अगदी बारीक, स्वच्छ सूर निघाला.

"बैठ गया," काका म्हणाले.

तशीच गिटार अवस्थीजींनी दहा दिवसांत मागवली. तीसुद्धा काकांनी थेट वाजवली नाहीच. सतराव्या पट्टीवर तार किंचित खरखरत होती. आठवडाभर त्यांनी बारीक कानस आणि पेच फिरवायच्या चाव्या घेऊन ती सरळ केली, आमच्या गच्चीवर, घरी कळू नये म्हणून. मग एका संध्याकाळी म्हणाले, "चल. वायर जोडायला तू हवीस."

काकू स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून मेथी निवडत होत्या. मला बघून हसल्या. गिटार बघून काकांकडे बघितलं, तेही हसूनच, जणू यांचं नेहमीचंच काहीतरी. मी छोटा स्पीकर जोडला. काका समोर खुर्चीवर बसले. त्यांची मुलगी लहान असताना काकू एक अंगाई म्हणायच्या, तीच त्यांनी सुरू केली, आधी खालच्या पट्ट्यांत. काकूंचं मेथी निवडणं चालूच राहिलं. मान खाली.

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी हात वर सरकवला, अगदी शेवटच्या पट्ट्यांकडे, आणि पुन्हा सुरुवात केली. जाड बोटं त्या इवल्या जागेत दाटीने उभी होती. सूर बारीक निघत होते, थोडे थरथरत. दुसऱ्या ओळीला काकूंची बोटं थांबली. त्यांनी मान वर केली नाही, फक्त थोडी तिरकी केली. भिंतीपलीकडचं काही ऐकताना आपण करतो तशी.

ओळ संपली. काका थांबले.  मग काकू मेथीकडेच बघत म्हणाल्या, "तिसरा सूर चढतोय. फार दाबताय तुम्ही."

ज्या माणसाने अख्ख्या झाशीचा माल परत पाठवला, त्याने मान डोलावली आणि तो काहीतरी बोलला. त्या खर्जातल्या आवाजात मलाही ते नीट कळलं नाही. काकूंना तर कळलंच नसणार. त्यांनी मात्र हातातली जुडी खाली ठेवली, काकांच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "काय म्हणालात?"

 काकांनी बोट हलकं केलं आणि तिसरा सूर पुन्हा वाजवला.

"हं," काकू म्हणाल्या. "आता पुढचं."