फौजदाराचा काळा चष्मा

जव्हारच्या प्राण्यांच्या दवाखान्यात मी मदतनीस आहे, पण प्रसिद्धीचं काम माझ्यावर सोडा आणि बघा!

साखरशेतच्या लहान्यादादांचा कुत्रा, फौजदार, बांधावरून पडला आणि मागचा पाय टेकेना. रानडुकरांपासून दादांची नाचणी राखणारा तोच एकटा. आमच्या डॉक्टर हर्षदा मॅडमनी पाच वेळा त्याच्या पायाला लेझरचा शेक दिला, तरी गडी तीन पायांवरच! "उद्या शेवटची खेप," मॅडम म्हणाल्या. दादांचं तोंड एवढंसं झालं.

मी मात्र गावच्या ग्रुपवर ठोकून दिलं : "उद्या शाळेच्या पडवीत लेझर उपचार. मोफत पाहायला मिळेल!"

दुसऱ्या दिवशी पोहोचलो तर पडवीत वीसेक म्हातारीकोतारी रांगेत! एका कुत्र्यावर गावाचं एवढं प्रेम! मी भारावलो.

लेझरचा उजेड डोळ्यांत जाऊ नये म्हणून मॅडमनी काळा चष्मा लावला, मला आणि दादांना एकेक दिला, फौजदारालाही बांधला आणि शेक सुरू केला. रांगेत कुजबुज झाली.

"कुत्र्याचा पण मोतीबिंदू काढतात?" सकूआजीने विचारलं. "मग माझा नंबर कदी? नातवानं वाचून दाखवलं, मोफत पाहायला मिळंल! सकाळपासून पाणी नाय घेतलं मी!"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. काळ्या चष्म्यातूनही त्या नजरेचा चटका बसला!

"आजी, हे डोळ्यांचं नाही! पायाचं आहे!" मी घाईघाईने म्हणालो.

"असं? मग पायाचं कर!" आजीने गुडघा पुढे केला. बघता बघता वीस गुडघे उघडे!

"मना आधी!"

"चल हट, नंबर माझा!"

रेटारेटीत पत्र्याची बादली धाडकन पडली. फौजदार दचकून उठला, रांग फोडून फाटकातून बाहेर सुसाट सुटला. चारही पायांवर!

"टेकला! पाय टेकला!" लहान्यादादा रडायलाच लागले. माझ्या जिवात जीव आला. मॅडमही हसल्या, म्हणजे माझी नोकरी वाचली!

वळून पाहतो तर गुडघे झाकलेले, रांग पुन्हा सरळ आणि सगळे डोळे ताणून उभे.

"पाहिलंस?" सकूआजी म्हणाली. "कसा बरोब्बर फाटकातून गेला! आणि तू म्हणतोस, डोळ्यांचं नाय!"