नानांची भांडणांची वही

सरकारी माणसं भिंती मोजत होती, झाडं मोजत होती, विहिरींची खोली लिहून घेत होती. आणि आमचे नाना गावातली भांडणं लिहून घेत होते. खोटं नाही सांगत, मी ती वही या हातांनी चाळली आहे.

मुळा नदीकाठचं ते गाव धरणात जायचं होतं. मी तिथं शाळामास्तर आणि नानांचा शेजारी. नाना चौथी शिकलेले शेतकरी. कुणी काही बोललं की यांचं ठरलेलं, "कागदावर पायजे!"

"अहो नाना, पण भांडणं कशाला?"

"भिंत पडली तर दुसरी बांधता येती, गुरुजी. तीन पिढ्यांचा अबोला कुठनं आनायचा? पान्याखाली गेल्यावर कुनाला कळनार बी न्हाई, हितं मानसं ऱ्हात हुती."

वहीत काय नव्हतं! बोरीच्या झाडावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊ होते. लग्नात फेटा मिळाला नाही म्हणून रुसून बसलेला मामा होता. लोकही असे इरसाल, की आपापली नोंद तपासायला यायचे. धोंडाबाईनं तर नानांना चांगलंच फैलावर घेतलं, "एका कोंबडीसाठी भांडले म्हून लिवलंय व्हय? दोन हुत्या!" नानांनी निमूट दोन केल्या.

मला मात्र एक कोडं सुटत नव्हतं. नानांच्या पलीकडे सखाराम राहायचा. त्याच्या मोरीचं पाणी नानांच्या अंगणात यायचं, आणि त्यावरून रोज सकाळी दोघांची अशी जुंपायची की आळीला कोंबड्याची गरज नव्हती. वहीत नेमकं तेवढंच नव्हतं. मी विचारलं, तर नाना उखडले.

"ते भांडन न्हाई. ते रोजचं हाय!"

पुढे नव्या गावठाणात प्लॉटच्या चिठ्ठ्या निघाल्या. सखारामनं चिठ्ठी उचललीच नाही. कुणाला काही न सांगता तो श्रीरामपूरला मुलाकडे निघून गेला होता. त्याच्या वाट्याचा म्हणून एकच प्लॉट उरला, तोही नानांच्या शेजारचा. सोमवारपर्यंत तो आला नाही तर प्लॉट दुसऱ्याला जाणार होता.

आम्ही नव्या जागी राहायला आलो होतो. नाना रोज सकाळी बाहेर यायचे, पलीकडच्या रिकाम्या प्लॉटमधल्या कुसळांकडे बघत उभे राहायचे आणि आत जायचे. बघून माझा जीव तुटायचा. रविवारी मात्र टोपी घालून दारात हजर.

"चला गुरुजी. सख्याला आनू."

एस.टी.त सगळा वेळ सखारामला शिव्या. त्याच्या दारात पोचल्यावर तर आवाज असा लागला, की शेजारीपाजारी बाहेर आले. "सख्या! पळून आलास व्हय रं?"

सखाराम चुलीपुढे बसून भाकरी थापत होता. वर न बघता म्हणाला, "बस. उभ्यानं भांडतूस व्हय?"

नाना बसले. "माझ्या शेजारचा प्लॉट हाय. चल."

"सून वारली, नान्या. पोरगं एकलंच हाय. त्याला कुनाच्या जिवावर सोडू?"

नानांनी पिशवीतून वही काढली. "मग आपलं बी लिवून टाकतो. मोरीचं भांडन. मिटलं."

सखारामनं पिठाच्या हातानं त्यांचं मनगट धरलं.

"मिटलं लिवू नको, गड्या. मिटल्यावर तू कशाला येशील हितं? चालू हाय म्हून लिव."

नानांचे डोळे असे भरून आले, की त्यांना ओळ दिसेना. शेवटी मीच ते लिहिलं.