कोळंबीच्या टरफलांतली किल्ली

घरातल्या गोष्टी घरातच राहाव्यात म्हणून ताइनानच्या त्सुंगयाओने कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फाइलींना कुलूप घातलं होतं. (चोरायला कोण येणार आहे, असं बायकोने, पेइशानने, विचारलं होतं. तो प्रश्न त्याला अडाणीपणाचा वाटला होता.) एका शनिवारी जेवण अंगावर आलेलं असताना त्याला वाटलं, या कुलपांच्या किल्ल्यांचा जुडगा ज्या फाइलीत असतो, ती आतून दिसते तरी कशी? त्याने ती उघडली. काही कळलं नाही. बाहेर पडताना सवयीने सेव्ह केली आणि तेवढ्यात जुडगा बिघडला.

एरवी त्याने हे आठवडाभर लपवलं असतं. पण पेइशानच्या गायनमंडळाचं रेकॉर्डिंग त्याच कुलपात होतं आणि संध्याकाळी सातच्या आत ते स्पर्धेला पाठवायचं होतं. त्यात तिने एकटीने म्हटलेलं पहिलंच कडवं होतं. नऊ महिने ती ते भांडी घासताना घोकत होती.

त्याने तिला धीर दिला, की किल्लीची दुसरी प्रत आहे. होतीही, सुरक्षित राहावी म्हणून त्याने ती त्याच कुलपात ठेवली होती.

मग आठवला किल्ली छापून खणात ठेवलेला कागद. खण रिकामा होता.

"ते गिचमीड अक्षरांचं पान ना?" सासरे म्हणाले. "कागद छान जाड होता, जावईबापू. दुपारी त्याचीच डबी केली."

जेवताना काटे, टरफलं टाकायला हाती लागेल त्या कागदाची डबी करायची त्यांना सवय होती. दुपारी कोळंबी होती. इतक्यात गल्लीत कचऱ्याच्या गाडीचं गाणं सुरू झालं आणि सासरे बोलता बोलता पिशवी उचलून चालू लागले. त्सुंगयाओने त्यांना गाडीपाशी गाठलं आणि सगळ्या शेजाऱ्यांदेखत फूटपाथवर बसून टरफलं उपसली.

पेइशान नाक मुरडत अक्षरं वाचत गेली, तो टाइप करत गेला. पावणेसातला कॉम्प्युटरला किल्ली पटली. आता फक्त त्या किल्लीचा पासवर्ड हवा होता.

त्सुंगयाओचे हात थांबले. "तू जरा चहा टाकतेस का?"

"सरक," पेइशान म्हणाली आणि तिने एका दमात टाइप केलं: रुओमेइ. कॉलेजात त्याच्या पुढच्या बाकावर बसणाऱ्या मुलीचं नाव. कुलूप उघडलं, रेकॉर्डिंग वेळेत गेलं.

"तुला कसं कळलं?" त्याने विचारलं.

"तिनेच सांगितलं. कॉलेजातही तू हाच ठेवायचास म्हणे. आमच्याच मंडळात गाते ती."

मंडळात अठ्ठावीस बायका होत्या. पासवर्ड सगळ्यांना पाठ होता.